प्रतिस्पर्ध्याचा मतदार ऐकतो आहे

चि. भाचीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे टिपण मिळाले. २०२८ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, तू ज्या उमेदवाराच्या प्रचाराला वाहून घेणार आहेस, त्याच्याबद्दल मी काही बोलणार नाही. तो निर्णय तुझा आहे. तू विचारले आहेस ते एवढेच, की बाकीच्या उमेदवारांविरुद्धचे तुझे मुद्दे भर सभेत टिकतील का. टिकतील. त्यांना धार आहे आणि त्यांमागची तयारीही दिसते. मात्र हे टिपण ऐकून जे टाळ्या वाजवतील, ते आधीपासूनच तुझ्या बाजूचे असतील. प्रायमरीत बोलणाऱ्याचा खरा श्रोता म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा मतदार, आणि तुझ्या टिपणात तो कुठेच बसलेला दिसत नाही. हे सांगण्यात सभ्यतेचा भाग थोडा आणि हिशेबाचा भाग जास्त आहे.

आपल्याकडे महाराष्ट्रात तिकीट कोणाला मिळणार हे पक्षश्रेष्ठी ठरवतात. एबी फॉर्म कोणाच्या हाती पडतो याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात, आणि ज्याच्या हाती तो पडत नाही, तो एकतर बंडखोरी करून अपक्ष उभा राहतो किंवा आपण पक्षाचे निष्ठावंत असल्याचे सांगत घरी बसतो. अमेरिकेत हाच झगडा अनेक महिने टीव्हीच्या दिव्यांखाली चालतो आणि त्याचा निकाल मतदार लावतात. म्हणून तो अधिक उघडा असतो आणि, माझ्या मते, अधिक निकोपही असतो. पण उघड बोललेला प्रत्येक शब्द नोंदला जातो आणि नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत परत येतो, याचे भान तुझ्या वयाच्या कार्यकर्त्यांना क्वचितच असते.

२००८ सालच्या ३ जानेवारीच्या संध्याकाळी आयोवात काय घडत होते ते पाहा. शाळांच्या सभागृहांत गावकरी जमले होते. डेमोक्रॅटिक कॉकसमध्ये गुप्त मतदान नव्हते. माणसे आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहत आणि तिथेच मोजली जात. बहुतेक केंद्रांवर जमलेल्यांपैकी किमान १५ टक्के लोक ज्या कोपऱ्यात नसतील, तो कोपरा बाद होई आणि तिथल्या लोकांना दुसरा कोपरा निवडण्याची मुभा मिळे. समज, बायडन यांच्या कोपऱ्यात मोजकी माणसे उरली आहेत. ओबामा, हिलरी क्लिंटन आणि एडवर्ड्स या तिघांचे कार्यकर्ते त्यांच्याकडे धावतात. ते बहुधा शेजारीपाजारीच असतात. त्या दिवशी दुपारी तू बायडन यांची खिल्ली उडवली असशील, तर संध्याकाळी त्या माणसांना काय सांगून आपल्याकडे बोलावशील? त्या रात्री ओबामांना सुमारे ३८ टक्के पाठिंबा मिळाला आणि क्लिंटन एडवर्ड्स यांच्याही किंचित मागे, तिसऱ्या स्थानी राहिल्या. बायडन एक टक्काही गाठू शकले नाहीत आणि त्यांनी त्याच रात्री माघार घेतली. पुढे त्याच वर्षी ते ओबामांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार झाले. आयोवाचा पहिलेपणाचा मान डेमोक्रॅटिक पक्षाने २०२४ मध्ये काढून घेतला, तरी मतदाराच्या मनातली दुसरी पसंती ही चीज संपलेली नाही.

त्याच्या चार वर्षे आधीचा, २००४ चा आयोवा तर तू मुळातून वाचायला हवास. हॉवर्ड डीन आणि डिक गेफर्ट हे आघाडीचे मानले जात होते. दोघांनी एकमेकांवर जाहिरातींचा भडिमार केला, आणि लोक दोघांनाही कंटाळले. जॉन केरी ३८ टक्क्यांवर पहिले आले, जॉन एडवर्ड्स ३२ टक्क्यांवर दुसरे. डीन १८ वर अडकले आणि गेफर्ट ११ टक्क्यांवर संपले. दोघांतच लढत असेल तर समोरच्याचे नुकसान हा आपला नफा असतो. रिंगणात चार-पाच जण असतील, तर चिखल फेकणारा आणि तो अंगावर झेलणारा असे दोघेही बरबटतात आणि मते बाजूला उभ्या असलेल्या तिसऱ्याकडे जातात. तुझ्या प्रायमरीत सुरुवातीला चार-पाचाहून बरेच जास्त जण असण्याची शक्यता आहे.

आता डावपेचांकडे येतो. तुझ्या टिपणात ‘मोठी राज्ये जिंका’ असे एक वाक्य आहे. ते वाचायला छान वाटते. पण डेमोक्रॅटिक पक्षात डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवाराला मत देणारे प्रतिनिधी, मतांच्या प्रमाणात वाटले जातात, आणि एखाद्या विभागात चार डेलिगेट असतील तर दुरंगी लढतीत तीन मिळवायला ६२.५ टक्क्यांहून जास्त मते लागतात. म्हणजे ६० टक्के मते मिळवूनही वाटणी दोन-दोनच. ५ फेब्रुवारी २००८ या ‘सुपर ट्यूसडे’ला, म्हणजे अनेक राज्यांनी एकदम मतदान केले त्या मंगळवारी, आमच्या न्यू जर्सीत क्लिंटन एक लाखाहून जास्त मतांनी जिंकल्या आणि त्यांना ५९ डेलिगेट मिळाले, ओबामांना ४८. म्हणजे आघाडी ११ ची. त्याच दिवशी आयडाहोत, जिथे डेमोक्रॅटिक कॉकसला जेमतेम २१ हजार माणसे आली होती, ओबामांनी १५ डेलिगेट घेतले आणि क्लिंटन यांना ३ मिळाले. आघाडी १२ ची. दहा लाखांहून अधिक मतदारांच्या राज्यातली जीत एका डोंगराळ, रिपब्लिकन राज्यातल्या कॉकसने पुसून टाकली. ओबामांचे प्रचारप्रमुख डेव्हिड प्लुफ यांच्या चमूने हे गणित महिनोन्महिने आधी मांडले होते आणि छोट्या राज्यांत कार्यालये उघडली होती. क्लिंटन यांच्या बाजूला ‘ही राज्ये नोव्हेंबरात आपली नाहीतच’ असा सूर होता. त्या राज्यांतल्या डेमोक्रॅट मतदाराने तो ऐकला नसेल असे तुला वाटते का? ज्या मतदाराला तुम्ही ‘मोजण्यात धरत नाही’ असे सांगता, तो तुम्हाला मत का देईल? म्हणून डावपेचांबद्दलही बोलशील तेव्हा तोच श्रोता समोर धर.

वाद कुठवर ताणावा, हा तुझा मुख्य प्रश्न. प्रतिस्पर्ध्याने जे प्रत्यक्ष केले आणि ज्याची नोंद आहे, त्यावर हवे तितके कठोर बोल. क्लिंटन यांनी ऑक्टोबर २००२ मध्ये सिनेटमध्ये इराक युद्धाच्या अधिकारपत्राच्या बाजूने मत दिले होते. ओबामांनी त्याच महिन्यात शिकागोत त्या युद्धाविरुद्ध भाषण केले होते. हा मुद्दा त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही आणि सोडायचे कारणही नव्हते. क्लिंटन यांच्या समर्थकालासुद्धा तो प्रामाणिक मतभेद म्हणून पटण्यासारखा होता. याउलट २००८ च्या फेब्रुवारीच्या अखेरीस क्लिंटन यांच्या प्रचाराने पहाटे तीन वाजता व्हाइट हाउसमध्ये वाजणाऱ्या फोनची जाहिरात काढली; संकटाच्या वेळी तो फोन कोणी उचलावा, असा तिचा रोख होता. जाहिरात म्हणून ती बेजोड होती. पण त्यापाठोपाठ मार्चमध्ये त्या असे सुचवू लागल्या की आपल्याकडे आयुष्यभराचा अनुभव आहे, मॅकेन यांच्याकडेही तो आहे, आणि ओबामांकडे मात्र २००२ चे एक भाषण आहे. विरोधी पक्षाच्या उमेदवाराला आपल्याच पक्षातल्या प्रतिस्पर्ध्यापेक्षा वरचे प्रमाणपत्र देणे, ही मर्यादा ओलांडणे आहे असे मी तेव्हाही मानत होतो आणि आजही मानतो. ऑगस्टमध्ये डेन्व्हरला डेमोक्रॅटिक अधिवेशन भरले, तेव्हा मॅकेन यांच्या जाहिरातींत क्लिंटन यांचीच वाक्ये झळकली.

याहून जुने उदाहरण १९८८ चे आहे. न्यूयॉर्कच्या प्रायमरीआधीच्या एका वादसभेत अल गोर यांनी मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांना तिथल्या कैद्यांच्या रजेच्या योजनेबद्दल छेडले. गोर यांचा प्रश्न रास्त होता, आणि त्यांनी कोणा कैद्याचे नावही घेतले नव्हते. त्यांना त्या प्रायमरीत त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. पण त्याच वर्षी डुकाकिस यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी, थोरले जॉर्ज बुश, यांच्या बाजूने तोच विषय विली हॉर्टन या कृष्णवर्णीय कैद्याच्या नावाने इतका विखारी बनवला गेला, की अमेरिकन प्रचारातल्या वंशभेदाची चर्चा अजूनही तिथूनच सुरू होते. तेव्हा एखादा मुद्दा उचलताना तो दुसऱ्याच्या हातात गेला तर त्याचे काय होईल, हेही तपासावे लागते.

तुझ्या टिपणातले आरोग्यविम्याचे पान मला सर्वांत आवडले, म्हणून त्याच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. २००८ मध्ये दोघांमध्ये धोरणाचा खराखुरा फरक कुठे असेल, तर तो इथे होता. विमा घेण्याची सक्ती प्रत्येकावर असावी, असे क्लिंटन म्हणत. ओबामा ती फक्त मुलांपुरती मागत. ओहायोत ओबामांच्या बाजूने या सक्तीची भीती घालणारी पत्रके घरोघरी टपालाने गेली, आणि क्लिंटन सिनसिनाटीत ती पत्रके हातात धरून जाहीरपणे त्यांच्यावर संतापल्या. पुढे काय झाले ते तुला ठाऊक आहे: मार्च २०१० मध्ये ओबामांनी सही केलेल्या कायद्यात ती सक्ती होती. म्हणजे जी गोष्ट हाणून पाडण्यासाठी पत्रके छापली, तिचाच बचाव त्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत करावा लागला. धोरणावर भांडताना ‘हे चालणारच नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘याला आधी पैसे कुठून आणणार’ किंवा ‘हे कोणत्या क्रमाने करणार’ असे विचारले, तर उद्या तेच धोरण स्वीकारण्याची वाट मोकळी राहते. तुझ्या पानावर तू नेमके हेच केले आहेस. ते बदलू नकोस.

एक प्रकरण तू आपल्या माणसांच्या संदर्भात लक्षात ठेवावेस. जून २००७ मध्ये ओबामांच्या प्रचार कार्यालयातून पत्रकारांकडे एक निनावी टिपण गेले. क्लिंटन दांपत्याची भारताशी संबंधित गुंतवणूक आणि भारतीय वंशाच्या देणगीदारांशी असलेले संबंध त्यात मांडले होते, आणि सिनेटरच्या नावापुढे पक्ष व राज्य लिहितात त्या धर्तीवर क्लिंटन यांच्या नावापुढे ‘डेमोक्रॅट, पंजाब’ असे लिहिले होते. मूळ विनोद क्लिंटन यांनी स्वतःच एका शीख यजमानाकडच्या निधीसंकलनात केला होता. पण प्रतिस्पर्ध्याच्या कागदावर आला तसा तो विनोद राहिला नाही. टिपण उघडकीला आले, इथला भारतीय समाज दुखावला, आणि ओबामांना ही आपल्या प्रचाराची मूर्खपणाची चूक होती असे जाहीरपणे सांगावे लागले. ज्यांनी ते लिहिले, त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त क्लिंटन होत्या. ते वाचणारे एडिसनमधले, फ्रीमाँटमधले मतदार त्यांना दिसलेच नाहीत. ज्या कागदावर उमेदवाराला आपले नाव घालता येणार नाही, तो कागद कार्यालयाबाहेर जाऊ देऊ नये, असा माझा साधा आग्रह आहे.

वादसभेसाठी आणखी एक सांगतो. जून २०१९ मध्ये मायामीत कमला हॅरिस यांनी बायडन यांना शाळांच्या बसप्रवासावरून, म्हणजे वंशभेद मोडण्यासाठी मुलांना दुसऱ्या भागातल्या शाळांत बसने नेण्याच्या जुन्या वादावरून, असे घेरले की दुसऱ्या दिवशी सगळीकडे तीच चर्चा होती. पण मग ‘आज तुम्ही स्वतः हे केंद्राच्या सक्तीने कराल का’ असे त्यांना विचारले गेले, तेव्हा उत्तर डळमळीत निघाले आणि घावाचा जोर ओसरला. डिसेंबरात त्या शर्यतीतून बाहेर पडल्या. (पुढच्या ऑगस्टमध्ये बायडन यांनी त्यांनाच उपाध्यक्षपदासाठी निवडले, हे वेगळे.) तुझ्या टिपणातल्या प्रत्येक आरोपाखाली ‘मग तुमचा उमेदवार काय करणार?’ हा प्रश्न लिही आणि त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येते का ते पाहा.

नियमांवरून होणारी भांडणे हा वेगळाच प्रकार. फ्लोरिडा आणि मिशिगनने २००८ मध्ये पक्षाने ठरवलेल्या तारखेच्या आधी मतदान ठेवले, म्हणून पक्षाने त्यांचे डेलिगेट रद्द केले. मिशिगनच्या मतपत्रिकेवर ओबामांचे नावही नव्हते. नियम समितीत बसून त्या शिक्षेच्या बाजूने मत देणारे हॅरोल्ड इकिस पुढे, ३१ मे च्या बैठकीत, क्लिंटन यांच्या वतीने त्याच शिक्षेविरुद्ध तावातावाने बोलले. अखेर प्रत्येक डेलिगेटला अर्धे मत अशी तडजोड झाली. इकिस जाणते राजकारणी होते आणि कदाचित त्यांचा नवा युक्तिवाद बरोबरही असेल, पण ऐकणाऱ्याला जुने मत आठवत होते. नियम अन्यायाचा वाटत असेल तर तो पहिले मत पडण्याआधी बोलून दाखव. हरल्यावर काढलेला न्यायाचा मुद्दा समोरच्या मतदाराला रडीचा डाव वाटतो.

शेवटी तू विचारले आहेस, की आपला उमेदवार हरला तर काय करायचे. क्लिंटन यांनी ७ जूनला माघार जाहीर केली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस दोघे न्यू हॅम्पशरमधल्या युनिटी नावाच्या गावात एका व्यासपीठावर आले. तिथल्या प्रायमरीत दोघांना बरोबर १०७-१०७ मते पडली होती. डेन्व्हरच्या अधिवेशनात राज्यवार मोजणी चालू असताना ती थांबवून ओबामांना एकमताने उमेदवार घोषित करण्याचा प्रस्ताव क्लिंटन यांनीच मांडला. पण एवढे झाले तरी त्यांचे कित्येक समर्थक महिनोन्महिने रागावलेले होते, आणि त्यांच्या घरी जाऊन बसणे, त्यांचे ऐकून घेणे हे काम व्यासपीठावरून होत नाही. ते तुझ्यासारख्या कार्यकर्त्यांनाच करावे लागते. ज्यांनी प्रायमरीत तोंड सांभाळले होते, त्यांच्यासाठी दारे लवकर उघडली.

तर टिपणातले पहिले पान, वयावरचे आणि लग्नावरचे, काढून टाक. चौथ्या पानावरची सिनेटमधल्या मतांची यादी पुढे आण. तिच्यातल्या प्रत्येक मताची तारीख आणि विधेयकाचा क्रमांक मूळ नोंदीवरून पडताळून घे. ‘मोठी राज्ये जिंका’ या वाक्याच्या जागी तुझ्या राज्याच्या डेलिगेट निवडीचे नियम पक्षाच्या कागदपत्रांतून काढून विभागवार मांड. नवा मसुदा तयार झाला की तो आधी तुझ्या त्या मैत्रिणीला वाचायला दे, जी दुसऱ्या उमेदवारासाठी काम करणार आहे, आणि ती कुठे थांबते ते बघ. मग मला पाठव.

तुझा,
मामा