पहिले पाच सर्किट बोर्ड (पीसीबी) कोणाकडून करून घ्यावेत?

प्रश्न: फायनल इयर प्रोजेक्टचं माझं बोर्ड 80 × 60 मि.मी., दोन लेयरचं (दोन्ही बाजूंना तांबं असलेलं) आहे. चिनी वेबसाइटवर पाच नगांचे दोन डॉलर दिसतात, पुण्यातल्या कारखान्याने तेवढ्याच नगांचे काही हजार रुपये सांगितले. एवढा फरक कसा? (विद्यार्थिनी, सांगली)

कारखानदार तुम्हाला फसवत नाही. छोट्या कारखान्यात तुमच्या एकट्या डिझाइनसाठी फिल्म काढायची, ड्रिलचा प्रोग्रॅम लावायचा, मशिन सेट करायचं. हा टूलिंग चार्ज पाच बोर्ड घ्या नाहीतर पन्नास, तेवढाच पडतो. शेन्झेनच्या जेएलसीपीसीबीसारख्या कंपन्या अनेक गिऱ्हाइकांची डिझाइनं एकाच मोठ्या पॅनलवर, म्हणजे शीटवर, शेजारी शेजारी बसवतात, त्यामुळे तो खर्च सगळ्यांत वाटला जातो.

पण दोन डॉलर हा फक्त बोर्डाचा भाव आहे. त्यावर कुरिअर, कस्टम ड्युटी, आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) आणि कुरिअर कंपनीचं क्लिअरन्सचं शुल्क चढतं. पाच बोर्डांच्या ऑर्डरमध्ये कुरिअरच बोर्डांच्या कित्येक पट होतं. म्हणून फाइल अपलोड करा, पिनकोड टाकून शेवटच्या पानापर्यंत जा, आणि मग तुलना करा. बेंगळुरूची लायन सर्किट्स, गांधीनगरची पीसीबी पॉवर यांच्याकडेही ऑनलाइन भाव मिळतो. तिथे कस्टमचा प्रश्नच नाही. सबमिशन जानेवारी-फेब्रुवारीत असेल तर एक लक्षात ठेवा: चिनी नववर्षाच्या सुट्टीत तिकडचे कारखाने बंद असतात.

आणखी एक. तुमचे पार्ट थ्रू-होल (पाय होलमधून आरपार जाणारे) असतील तर डिझाइन सिंगल साइडमध्ये बसतं का ते आधी बघा. दोन-चार जंपर (तारेचे तुकडे) टाकून जमलं, तर होल प्लेटिंग (होलच्या आत तांब्याचा थर) लागत नाही आणि जवळच्या कारखान्याचा भाव बराच उतरतो. गडबड निघाली तर स्वतः जाऊन दाखवताही येते. पहिल्याच बोर्डाच्या वेळी याचा खूप आधार वाटतो.

प्रश्न: त्याच साइटवर आधीच्या बोर्डाचा भाव स्वस्त आला होता. नवं बोर्ड थोडंसंच मोठं आहे, तरी भाव अनेक पटींनी वाढला. (हौशी डिझायनर, ठाणे)

तुमचं बोर्ड कॉमन पॅनलच्या चौकटीतून बाहेर पडलं असणार. स्वस्त भाव बहुतेक ठिकाणी 100 × 100 मि.मी. पर्यंतच असतो. 102 मि.मी. झालं की दुसरा दर लागतो, तेव्हा कडेचा कनेक्टर थोडा आत सरकवणं परवडतं.

मग व्हाया, म्हणजे दोन लेयर जोडणारे बारीक होल, बघा. 0.3 मि.मी. ड्रिल बहुतेक ठिकाणी नेहमीच्या दरात होतं; 0.2 पर्यंत खाली गेलात की बारीक बिट लागतो, तो लवकर मोडतो, आणि ते पैसे तुम्ही भरता. ट्रॅक (तांब्याची रेघ) आणि दोन ट्रॅकमधलं अंतर 6 मिल, म्हणजे साधारण 0.15 मि.मी. ठेवलं की कोणताही बरा कारखाना काम घेतो. एफआर-4 (काचतंतू-इपॉक्सीचा पत्रा), 1.6 मि.मी. जाडी, एक औंस म्हणजे 35 मायक्रॉन तांबं, हिरवा मास्क (सोल्डर नको तिथे चढवलेला थर), एचएएसएल फिनिश (पॅडवर, म्हणजे पार्ट सोल्डर करायच्या जागांवर, सोल्डरचा थर): प्रोटोटाइपला बहुतेक वेळा एवढंच पुरतं. सोन्याचं फिनिश, म्हणजे एनिग, बीजीए (खाली सोल्डरचे गोळे असलेला आयसी) किंवा अगदी बारीक पिचचा (पिनांमध्ये कमी अंतर असलेला) आयसी असेल तेव्हाच घ्या. तिथे पॅड सपाट लागतात, आणि एचएएसएलमध्ये सोल्डरचा थर वरखाली राहतो.

प्रश्न: आमच्या गावाजवळ एक नवा पीसीबीवाला आहे, भाव चांगला आहे. त्याचं काम कसं पारखावं? (रिपेअरिंग व्यावसायिक, कोल्हापूर)

त्याने दुसऱ्या कोणासाठी केलेलं दोन लेयरचं बोर्ड मागा आणि दहापट भिंगाखाली धरा. व्हायाच्या होलभोवती तांब्याची कडी सगळीकडून सारखी दिसली पाहिजे. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला कडी तुटलेली दिसली, तर ड्रिल सरकलंय. मग 0.5 मि.मी. पिचच्या आयसीचे पॅड बघा: दोन पॅडमध्ये मास्कची बारीक पट्टी शाबूत आहे का? ती नसेल तर सोल्डर करताना पिना जोडल्या जातील. ही पट्टी हिरव्या मास्कमध्ये सगळ्यात बारीक राखता येते, काळ्यात-पांढऱ्यात तेवढी जमत नाही.

होलमधलं प्लेटिंग डोळ्यांनी मोजता येत नाही, म्हणून जाडी विचारा. आयपीसी या उद्योग-मानकाच्या क्लास 2 ला सरासरी 20 मायक्रॉन लागतं. ज्याला हे माहीत असतं तो आकडा लगेच सांगतो. इलेक्ट्रिकल टेस्ट करतो का, हेही विचाराच. टेस्ट न केलेल्या बोर्डात ट्रॅक तुटका निघाला, की दोष आपल्या सर्किटमध्ये शोधण्यात आठवडा जातो, आणि भावात वाचलेले पैसे त्यात केव्हाच संपतात.

माझ्या मते सगळ्यात खात्रीची खूण वेगळीच आहे. गर्बर (कारखान्याला द्यायच्या बोर्डाच्या फाइली) पाठवल्यावर त्याचा फोन येतो का? आउटलाइन लेयर राहिली आहे, हा होल प्लेटेड हवा की नको, असं काम सुरू करण्याआधी विचारणारा माणूस थोडा महाग असला तरी घ्या.

प्रश्न: आमची छोटी फर्म आहे. चीनहून मागवताना कागदपत्रांचं काय? (उद्योजक, नाशिक)

धंद्यासाठी मागवत असाल तर आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड काढून घ्या आणि कुरिअर कंपनीकडे केवायसी आधीच पूर्ण करा. बिल ऑफ एन्ट्रीवर (कस्टमच्या आयातीच्या कागदावर) फर्मचा जीएसटी नंबर आलाय का हे तपासा. तो नसेल तर भरलेल्या आयजीएसटीचं क्रेडिट घेता येत नाही.

प्रश्न: फाइल पाठवली की डिझाइन चोरीला जाईल का? (विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

गर्बरमध्ये तांबं, मास्क, छपाई, होल आणि बोर्डाची कड एवढंच असतं; फर्मवेअर, म्हणजे चिपमधला प्रोग्रॅम, त्यात नसतं. कॅडची मूळ फाइल पाठवू नका. आयसीचे नंबर सिल्कस्क्रीनवर (बोर्डावरच्या छपाईत) न छापता फक्त यू1, यू2 ठेवा. विद्यार्थ्याच्या प्रोजेक्टसाठी एवढी काळजी पुरे.