लंडनला लॅब्रॅडॉर घेऊन येताय, तर पार्कचं सांगते (आणि बाकीचंही थोडं)

तुम्ही विचारलंत की जूनमध्ये लंडनला शिफ्ट होताय, तीन वर्षांचा लॅब आणि सातवीतली मुलगी सोबत आहे, तर कुत्र्याला मोकळं पळवायला, बॉल खेळायला कुठले पार्क चांगले. वाचलं आणि काम बाजूला ठेवून लिहायलाच बसले.

लस, रक्ततपासणी वगैरे सरकारी साइटवर नीट दिलंय, ते परत लिहीत नाही. फक्त कुत्र्याच्या कातडीखाली बसवतात त्या ओळखीच्या चिपचा १५ आकडी नंबर प्रत्येक कागदावर स्वतः एकेक आकडा बोट ठेवून तपासा. आमच्या रिपोर्टवर तपासणीवाल्यांनी एक आकडा चुकीचा टाइप केला, आमच्या कुत्र्याचं, बंडूचं, रक्त परत काढावं लागलं, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचा नियम, म्हणजे ते तीन महिने पुन्हा पहिल्यापासून. आम्ही इकडे, तो आईकडे. आई फोनवर म्हणायची छान जेवतोय गं, पण मागून त्याच्या भुंकण्याचा आवाजच यायचा नाही. आजही आठवलं की डोकं तापतं.

आता पार्क. माझ्या मते पहिला नंबर हॅम्पस्टेड हीथ. जवळजवळ ३२० हेक्टर, टेकड्या, झाडी, उंच गवत, आणि बहुतेक ठिकाणी पट्टा सोडता येतो. लॅबला नुसता सरळ बॉल फेकत राहू नका, झपकन वळून वळून सांध्यांवर ताण येतो, त्यापेक्षा बॉल गवतात लपवा आणि शोधायला लावा, नाकाने दमतो तो आणि घरी येऊन गाढ झोपतो. प्रिमरोझ हिल सुंदर आहे पण उन्हाळ्यात लोक चादरी पसरून खात बसलेले असतात आणि तुमचा लॅब म्हणजे खादाड, तेव्हा तिथे सकाळी लवकरच जा. रिचमंड पार्क तर जवळजवळ हजार हेक्टर, पण तिथे सहाशेच्या वर हरणं मोकळी फिरतात, मे ते जुलै त्यांची पिल्लं असतात म्हणून पट्टा लावावाच लागतो, आणि शरद ऋतूत नर माजावर असतात तेव्हाही सोडू नका. तुम्ही जूनमध्ये येताय तर सुरुवातीला रिचमंडऐवजी शेजारच्या विम्बल्डन कॉमनला जा. आणि कुठेही समोरचा कुत्रा पट्ट्यात दिसला की आपला आधी बोलवून घ्यायचा, याला इथे फार मानतात. म्हणून हाक मारल्यावर परत यायची सवय तिथेच पक्की करून आणा.

मुलीच्या शाळेचं तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. आम्ही वर्षाच्या मध्येच आलो, जवळच्या शाळेत जागा नव्हती, लांबची मिळाली. मुलगा पहिले काही आठवडे वर्गात गप्प बसायचा, तर त्याला इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या गटात बसवलं. इंग्रजी मीडियमचा मुलगा, जाड जाड पुस्तकं वाचणारा. मी जाऊन सांगितलं, त्यांनी छान हसून ऐकून घेतलं आणि पुढच्या टर्मला बघू म्हणाले. पुढच्या वर्षी गट गुपचूप बदलला, कुणी एका शब्दाने काही बोललं नाही. तोपर्यंत तो शाळेतून आला की आम्ही हीथवर जायचो आणि दिवसभराचं सगळं बोलणं तो बंडूशी मराठीत बोलायचा, मी मागून ऐकत चालायचे. शाळेत काय चाललंय ते मला तसंच कळायचं.

एकटेपणाचं म्हणाल तर कुत्रा असल्यावर रोज कुणीतरी बोलतंच. बंडूचं पोट बिघडलं होतं ते बरं झालं का, हे विचारणारी माणसं आहेत, मी त्यांच्यासाठी बंडूची आई, माझं नाव त्यातल्या एखाद्यालाच माहीत असेल. मला त्याचं वाईट वाटायचं, अजूनही कधी कधी वाटतं, पण डिसेंबरमध्ये चारच्या आत सूर्य मावळतो तेव्हा त्या अंधारात गळ्यात दिवा लावलेले ओळखीचे कुत्रे दिसले की हायसं वाटतं हेही खरं.

आणि एक गोष्ट, जी मला कुणी आधी सांगितली नव्हती. परत जायचं की नाही यावर आमच्याकडे दरवर्षी बोलणं होतं, आणि आता ते बंडूपाशी येऊन थांबतं. तो म्हातारा झालाय, इकडे येताना कार्गोतून आला होता, त्या प्रवासात त्याला परत घालायची माझी हिंमत नाही. तिकडे आईचंही वय झालंय. यावर मला उत्तर सापडलेलं नाही. तुमचा तीनच वर्षांचा आहे, पण किती वर्षांसाठी येताय हे दोघांनी बसून आत्ताच बोलून घ्या.

भाड्याचं घर बघताना कुत्रा आहे हे पहिल्या फोनवरच सांगा, बरेच घरमालक तिथेच नाही म्हणतात आणि तुमचा वेळ वाचतो. आल्यावर चिपच्या नोंदीतला पत्ता बदला, गळपट्ट्यावर तुमचं नाव-पत्ता लावा, तो कायदाच आहे. घर कुठल्या भागात बघताय ते कळवा, जवळचं मोकळं मैदान कुठलं ते सांगते.