भाड्याच्या ई-स्कूटरवर पालिकेने बंदी घालावी की नियम करावेत?

माझ्या मते बंदी हा शेवटचा उपाय असावा. पॅरिसने २०२० मध्ये तीन कंपन्यांना मिळून १५,००० स्कूटरची परवानगी दिली, पुढे अनेक भागांत वेग ताशी १० किलोमीटरवर आणला, तरीही एप्रिल २०२३ मध्ये नागरिकांच्या सार्वमतात सुमारे ८९ टक्के मते सेवेच्या विरोधात पडली आणि सप्टेंबरपासून ती बंद झाली. मतदान मात्र जेमतेम साडेसात टक्के होते, हेही लक्षात घ्यायला हवे. पदपथावर आडव्या पडलेल्या स्कूटरचा सर्वाधिक त्रास अंध आणि चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तींना होतो. म्हणून ठरवून दिलेल्या जागीच वाहन सोडता येईल आणि अडथळा वेळेत न हटवल्यास कंपनीलाच दंड होईल, अशा अटी परवान्यातच असाव्यात.