मूल घरी शिकत असताना पालकाने नेमके काय करायचे असते

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: सात वर्षांच्या मुलीला घरी शिकवायचे ठरवले तर रोज किती तास द्यावे लागतील, दोघांच्या नोकऱ्या सांभाळून ते जमेल का, आणि शाळेच्या परीक्षा नसताना ती कुठे मागे पडते आहे हे कसे कळेल. आमची दोन्ही मुले घरीच शिकत मोठी झाली, त्या अनुभवावरून लिहितो.

तासांचे उत्तर सर्वांत सोपे आहे. या वयात समोरासमोर बसून शिकवण्याला दिवसाकाठी दोन तास पुरतात, कारण वर्गातला बराचसा वेळ हजेरीत, वर्ग शांत करण्यात आणि सर्वांचे लिहून होईपर्यंत थांबण्यात जातो आणि घरी तो खर्च होत नाही. शार्लट मेसन (१८४२–१९२३) या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ लहान मुलांचे धडे पंधरा-वीस मिनिटांचे ठेवत आणि एकदाच वाचलेला मजकूर मुलाने लगेच स्वतःच्या शब्दांत सांगावा, असा आग्रह धरत. ही पद्धत मला आजही सर्वांत विश्वासाची वाटते, कारण मूल सांगू लागले की त्याला काय समजले आणि काय निसटले, हे प्रश्नपत्रिका न काढताही ऐकू येते.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. समजा मुलीने ४०२ मधून १७८ वजा करून ३७६ असे उत्तर लिहिले. त्यावर फुली मारून पुढचे गणित दिले, तर काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी तिला तेच गणित मोठ्याने बोलत करायला सांगा. ती म्हणेल, ‘आठातून दोन गेले सहा, सातातून शून्य गेले सात.’ म्हणजे वजाबाकी तिला येते, पण वरचा अंक लहान असला की ती अंकांची अदलाबदल करते, आणि शून्याच्या घरातून हातचा कसा घ्यायचा हे तिला उमगलेले नाही. मग शंभराचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवून, एक गठ्ठा सोडून त्याचे दहा दशक आणि त्यातल्या एका दशकाचे दहा सुटे तिच्याच हाताने करवून घेतले, की २२४ हे उत्तर तिचे ती काढते. घरी शिकवण्याचे खरे बळ अशा पाच मिनिटांत आहे, आणि पालकाची पहिली जबाबदारी म्हणजे त्या पाच मिनिटांत घाई न करणे.

दुसरी जबाबदारी नोंदींची, आणि ती बहुतेक घरांत सर्वांत आधी सुटते. रोज रात्री वहीत तीन-चार ओळी पुरतात: आज काय केले, कुठे अडले, काय पुन्हा घ्यायचे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १८८५ मध्ये विस्मरणावरचे प्रयोग प्रसिद्ध केले तेव्हापासून हे ठाऊक आहे की शिकलेले सुरुवातीलाच झपाट्याने विसरले जाते आणि अंतराअंतराने केलेली उजळणी ते टिकवते. म्हणून आजचा अडलेला भाग उद्या, मग आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा यायला हवा, आणि ते वहीशिवाय लक्षात राहत नाही. पुढे कोणी प्रगतीचा पुरावा मागितला, तर हीच वही कामी येते.

नोकरीबद्दल मात्र स्पष्टच सांगायला हवे. दोघेही एकाच वेळी पूर्णवेळ बाहेर असाल आणि कामाच्या वेळा बदलता येण्यासारख्या नसतील, तर तूर्त सुरुवात करू नका. शिकवण्याचे दोन तास कसेही काढता येतात, पण सात वर्षांच्या मुलाला दिवसभर जबाबदार माणसाची सोबत लागते. एकाची वेळ जरी लवचीक असली तरी मार्ग निघतो. पण जो घरी असतो त्याच्याच गळ्यात शिकवणे, स्वयंपाक, आवराआवर आणि नोंदी सगळे पडते, आणि असे पालक वर्षभरात थकून जातात. म्हणून विषय वाटून घ्या. भाषा एकाकडे, गणित दुसऱ्याकडे, आणि ज्याचा विषय त्यानेच त्याची तयारीही करायची. मुलीचा एखादा तास पूर्णपणे तिचा ठेवा, ज्यात ती वाचेल, चित्रे काढेल किंवा नुसती बसेल, आणि तुम्ही ढवळाढवळ करणार नाही. समवयस्कांची सोबत आपोआप मिळत नाही, म्हणून खेळाचा संघ, वाचनालय, संगीताचा वर्ग यांपैकी काहीतरी ठरलेल्या वारी असू द्या.

कायद्याचे उत्तर तुम्ही कुठे राहता यावर अवलंबून आहे. जर्मनीत शाळेत जाणे बंधनकारक आहे, तर इंग्लंडमध्ये १९९६ चा शिक्षण कायदा शाळेबाहेरच्या शिक्षणाला वाव देतो. तेव्हा शाळेतून नाव काढण्यापूर्वी आपल्या ठिकाणचा नियम मूळ मजकुरात वाचा. बहिःस्थ विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसण्याच्या अटी, विशेषतः विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांच्या, ती अकरा-बारा वर्षांची होईपर्यंत पाहून ठेवल्या तरी चालेल.

पहिल्या महिन्यात पुस्तकांचे संच विकत घेऊ नका. तिला रोज थोडे वाचून दाखवा, तिच्याकडून सांगून घ्या, चार गणिते मोठ्याने करवून घ्या आणि वही लिहा. महिनाअखेरीस ती वही दोघांनी एकत्र वाचली की कोणती पुस्तके लागतील आणि कोणाला किती वेळ काढावा लागेल, हे तुमचे तुम्हालाच ठरवता येईल.