ट्रेकिंगच्या बुटांचा नंबर कसा ठरवावा

ऑफिसच्या बुटाचा नंबर सांगून ट्रेकिंगचे बूट मागवू नका. आधी पाऊल मोजा, तेही संध्याकाळी. दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा आणि सगळ्यांत लांब बोटापुढे खूण करा. (काहींचं अंगठ्याशेजारचं बोटच लांब असतं.) दोन्ही पायांतलं मोठं माप धरा.

दुकानात ट्रेकचेच जाड मोजे घालून जा. नाडी न बांधता पाय पुढे सरकवा. बोटं टोकाला टेकली की टाचेमागे एक बोट जेमतेम शिरायला हवं. दोन शिरली तर बूट मोठा. यूके मापात अर्धा नंबर म्हणजे सुमारे ४ मिमी, तेवढ्यानेही खूप फरक पडतो.

मग नाडी आवळून जिना उतरा. अंगठा पुढे आपटला तर तो बूट तिथेच ठेवा. सह्याद्रीत नखं काळी पडतात ती बहुधा उतरताना. हरिश्चंद्रगडावरून खाली येताना तेच आपटणं तासन्‌तास चालतं. टाच उचलली जात असेल तर घोट्याजवळच्या शेवटच्या छिद्रांतून नाडीचा फास घालून बघा. तरीही टाच उचलली गेली तर फोड ठरलेलाच.

चवडा आवळत असेल तर नंबर वाढवून भागत नाही, रुंद साच्याचा बूट शोधा. ‘वापरून सैल होईल’ म्हणतात, पण तो रुंदीत थोडा सैलावतो, लांबीत नाही. घेतल्यावर दोन दिवस घरातल्या फरशीवरच वापरा. तळव्याला माती लागली की दुकानदार सहसा बदलून देत नाही.