गाठ खाली, मग चिरा जांघेत का?

प्रश्न : माझं वय 38. उजव्या वृषणाच्या वर गोटीएवढी घट्ट गाठ लागते, दुखत नाही. हर्निया असेल म्हणून वर्षभर अंगावर काढलं. आता सोनोग्राफीत ती भरीव आणि वृषणापासून वेगळी दिसली. रक्ततपासण्या नॉर्मल आहेत. सर्जन म्हणतात, जांघेतून ऑपरेशन करू, बहुधा वृषणही काढावं लागेल. आधी सुई टोचून तपासता येणार नाही का? आम्हाला अजून मूल हवंय.

उत्तर : सुई टोचून घेऊ नका, तुमचे सर्जन योग्य तेच सांगताहेत. वृषणाच्या लसिकावाहिन्या (शरीरातला पातळ द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या; कर्करोगाच्या पेशी त्यांतून पसरू शकतात) थेट पोटात, महाधमनीजवळच्या लसिकाग्रंथींकडे जातात. वृषणकोशाच्या कातडीच्या मात्र जांघेतल्या लसिकाग्रंथींकडे. खालून सुई किंवा चिरा दिला आणि गाठ कर्करोगाची निघाली, तर पेशींना एरवी नसलेली वाट आपणच करून देतो. जांघेतून गेलं की वृषणरज्जू, म्हणजे वृषणाच्या रक्तवाहिन्या आणि वीर्यनलिका यांचा दोर, वरच्या टोकाला आधी बांधता येते.

रक्ततपासण्या नॉर्मल आल्या म्हणून निर्धास्त होऊ नका. एएफपी, बीटा एचसीजी हे रक्तात तपासले जाणारे कर्करोगाचे निदर्शक वाढतात ते वृषणातल्या काही कर्करोगांत; रज्जूतल्या गाठीत ते वाढत नाहीत. गाठ एपिडिडायमिसला (वृषणाला लागून असलेल्या, शुक्राणू साठवणाऱ्या नळीला) चिकटलेली असेल तर बहुतेकदा साधी निघते, तेवढीच काढून वृषण वाचवता येतं. रज्जूतली असेल तर प्रौढ पुरुषांत लायपोसार्कोमाची, म्हणजे चरबीच्या पेशींच्या कर्करोगाची शंका घ्यावीच लागते.

हर्निया म्हणून टेबलावर घेतलेले एक गृहस्थ मला अजून आठवतात. आत पिवळी चरबीच दिसत होती, पण बोटांना ती रबरासारखी लागली. मी जाळी बसवली नाही, चिरा बंद केला. एमआरआय केला, त्यांच्याशी सविस्तर बोललो आणि दहा दिवसांनी पुन्हा आत गेलो. तेव्हा आधीचा व्रणही कापून काढावा लागला. तुमची गाठ हर्निया नाही हे आधीच कळलंय, हे फार बरं झालं.

ऑपरेशन चालू असताना फ्रोझन सेक्शनची, म्हणजे गाठीचा तुकडा गोठवून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची सोय आहे का, हे सर्जनना विचारा. गाठ साधी निघाली तर वृषण ठेवता येईल. लायपोसार्कोमा निघाला तर तो त्याच जागी कित्येक वर्षांनीही परत येऊ शकतो, म्हणून तपासण्या दीर्घकाळ चालू ठेवाव्या लागतील.

दुसरं वृषण निरोगी असेल तर मूल होण्याला सहसा अडचण येत नाही. तरी वीर्य साठवण ऑपरेशनच्या आधीच उरकून घ्या. पुढे केमो किंवा रेडिएशन लागलंच, तर ऐनवेळी धावपळ नको.