ताबो मठ बघायला एक तास पुरेल का? मनालीकडून जावं की शिमल्याकडून?

जूनअखेरीस हिमाचलमधल्या स्पितीला जाताय, ताबोसाठी वाटेत तासभर ठेवलाय, आणि आत फोटो काढता येतात का, असं विचारलंय तुम्ही. माझं सांगणं: शिमल्याकडून जा, ताबोत एक रात्र राहा, आणि मुख्य मंदिरात शिरताना कॅमेरा विसरा. आत फोटोला बंदी आहे.

रस्त्याचं आधी. मनाली २,००० मीटरच्या आसपास. तिथून निघून त्याच दिवशी साडेचार हजार मीटरची कुंझुम खिंड ओलांडायची आणि ३,६०० मीटरच्या वर असलेल्या काझात, म्हणजे स्पितीतल्या मुख्य गावात, झोपायचं, हे शरीराला झेपत नाही. डोकं ठणकतं, मळमळतं, रात्रभर झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी ताबो गाठलात तरी बघायची ताकद उरत नाही. शिमल्याकडून रामपूर, मग कल्पाला दोन रात्री, आणि तिथून थेट ताबो (३,२८० मीटर). वाटेतलं नाको सुंदर आहे, पण ते ताबोपेक्षाही उंच, म्हणून तिथे जेवायला थांबा, झोपायला नको. पहिले दोन दिवस दारू बंद, पाणी भरपूर. उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून. डोकेदुखी वाढतच गेली तर पुढे न जाता खाली उतरायचं. कल्पा, नाको ज्या किन्नौर जिल्ह्यात आहेत तिथल्या रस्त्यावर दरडी कोसळतात, म्हणून एक दिवस हाताशी जास्तीचा ठेवा. भारतीयांना परवाना लागत नाही, पण ओळखपत्र जवळ असू द्या.

आता मठ. पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्याचा राजा येशे-ओ याने तो ९९६ साली उभारला. ‘हिमालयातलं अजिंठा’ म्हणतात, पण त्या नावाने फसायला होतं. अजिंठा कातळात कोरलेलं, ताबो मातीच्या विटांचं. बाहेरून बघाल तर सपाट छपराच्या मातकट, बुटक्या भिंती. लोक इथूनच दोन फोटो काढून गाडीत बसतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मुख्य सभामंदिराला दुखांग म्हणतात. उजेड येतो तो छपरातल्या झरोक्यातून, तेवढाच. उन्हातून आत गेलात की काही दिसत नाही. दहा मिनिटं भिंतीकडे न बघता नुसते बसा. मग हळूहळू मधोमध वैरोचन बुद्ध दिसू लागतो: पाठीला पाठ लावलेल्या चार मूर्ती, चार दिशांना तोंडं. नंतर भिंतींवरच्या तीसेक मूर्ती पुढे येतात. त्या मातीच्या आहेत, रंगवलेल्या, आणि माणसाच्या उंचीच्याही वर भिंतीला जणू अधांतरी बसलेल्या. त्यांच्या खालच्या पट्ट्यात चित्रकथा आहे. प्रदक्षिणा डावीकडून सुरू करा. दक्षिणेच्या भिंतीवर सुधन नावाच्या तरुणाचा गुरूंच्या शोधातला प्रवास भेटतो, आणि गाभाऱ्याला वळसा घालून परतताना उत्तरेच्या भिंतीवर बुद्धचरित्र. उलटे फिरलात तर ओळच लागत नाही.

छोटा टॉर्च न्या, पण लामांना विचारून लावा आणि एकाच जागी रोखून धरू नका. पाठीवरची सॅक बाहेर काढून ठेवा. चिंचोळ्या प्रदक्षिणामार्गात तिचा पट्टा नेमका चित्राला घासतो. हे रंग कोरड्या मातीच्या लेपावर दिलेत, त्यामुळे ओलसर बोटाचा स्पर्शही त्यांना सोसत नाही. छपरातून पाणी झिरपलं की भिंतीवर मातीचे ओघळ उतरतात. काही चित्रांवर ते तुम्हाला दिसतीलच.

सकाळची प्रार्थना मात्र या जुन्या मंदिरात नाही, १९७५ च्या भूकंपानंतर बांधलेल्या नव्या मंदिरात होते. तिथे बसायचं असेल तर आदल्या संध्याकाळी वेळ विचारून ठेवा. मुक्काम करायला सांगतोय तो यासाठीच. प्रार्थना संपली की लामा मोकळे असतात आणि गाड्यांची गर्दी अजून यायची असते.

आवारात एकूण नऊ मंदिरं आहेत, त्यातली बरीच कुलूपबंद असतात. दुखांग दाखवणाऱ्या लामांनाच किल्ल्यांचं विचारा. त्यातही मैत्रेयाचं, म्हणजे पुढे येणाऱ्या बुद्धाचं, मंदिर चुकवू नका: वीसेक फूट उंचीची बसलेली मूर्ती, आणि तुम्ही अगदी तिच्या पायाशी उभे.